दोघींत एकच मिर्वेता

वीटभट्टी वस्ती, नीश, सर्बिया
३ मार्च २०१४

प्रिय हायरिये मावशी,

फोनवर दोनदा तू "ऐकू येत नाही गं" म्हणून ठेवून दिलास. तिसऱ्यांदा उचललाच नाहीस. म्हणून हे पत्र. लुले वाचून दाखवेलच. लुले, सावकाश वाच, आणि आई मध्येच कॉफी करायला उठली तर तिला हाताला धरून बसव.

जर्मनीहून तुझं पार्सल पोचलं. बूट थोरल्या बेहाराला बोटभर मोठे होतात, म्हणजे पुढच्या हिवाळ्यालाही चालतील. ती ते घालूनच झोपते.

आता कामाचं. पालिका आमच्या बराकी पाडणार आहे. दरवर्षीच पाडणार म्हणतात, पण या वेळी दारांवर लाल रंगाने आकडे घातलेत. माझ्या दारावर एकोणचाळीस. रस्त्याच्या पलीकडे चोवीस पक्की घरं उभी राहताहेत. नळ आत, संडास आत. मावशी, आमच्या साठ बिऱ्हाडांना एक नळ आहे, तोही जानेवारीभर गोठलेला असतो. या घरांसाठी ओळखपत्र लागतं. माझ्या नवऱ्याचं, एनवरचं, तर तुला माहीतच आहे, धाकटी झेहरा पोटात असताना घर सोडून गेला तो गेलाच. म्हणजे कागद माझाच हवा. आणि माझ्याकडे जन्मल्याचासुद्धा कागद नाही.

आमच्या वस्तीत रामिझा म्हणून एक आहे, आपल्यातलीच, लोकांना कागद मिळवून देणाऱ्या संस्थेत काम करते. तिने बायकांचं स्वयंपाकघर काढलंय. शरदात लाल मिरच्या भाजून अजवार चटणीच्या बरण्या भरायच्या आणि शहरात विकायच्या. दहा बायकांच्या सह्यांवर ते नोंदवायचंय. सगळ्यांत चांगल्या मिरच्या मी भाजते, पण माझी सही चालत नाही. रामिझा म्हणते, "तू कागदावर नाहीस, मग मिरच्या काय भूत भाजतं?"

तर असं आहे. संस्थेच्या वकीलबाई म्हणतात, माझा जन्म झाला तेव्हा जवळ असलेली दोन मोठी माणसं साक्षीला हवीत. एक आपले नेझिर काका आहेत, त्यांनी अंगठा दिला. दुसरी तू. माझी आई सेव्दिया बाळंत झाली तेव्हा पाणी तूच तापवत होतीस, असं आजी सांगायची. माझा दाखला आईच्या पासपोर्टात घडी घालून ठेवला होता म्हणे, आणि लढाईत कोसोवोतून पळून इथल्या ज्या शाळेत राहिलो, जिथे आई गेली, तिथेच ती पिशवी कुठे तरी हरवली. फॉर्म सोबत आहे. खुणेच्या जागी सही कर. घरांची यादी ऑगस्टअखेर बंद होते.

तुझी भाची,
मिर्वेता

एसेन
२८ मार्च २०१४

माझ्या मिर्वेता,

पत्र ऐकलं. गुडघ्याने जीव खाल्लाय, म्हणून उशीर. तुझा फॉर्म ओट्यावर ठेवला होता, त्यावर पाणी सांडलं, अक्षरं पुसली. दुसरा पाठवू नकोस. मला कुठे आठवतंय कोण कधी जन्मलं! मी बाहेर अंगणात उभी होते, पाणी कोणी तरी दुसरीनेच तापवलं असेल. नेझिरलाही काही आठवत नसणार, तो कशालाही अंगठा देतो.

इथे एका सहीचे दहा कागद होतात आणि दहा कागदांचे दहा प्रश्न. वकिलांना माझं नाव सांगू नकोस. पत्ता तर मुळीच नको. घरांच्या मागे लागू नकोस गं, आकडे घालतात आणि विसरतात. मी जाड ब्लँकेट पाठवते. झेहरासाठी लोकरीचे मोजेही.

तुझी मावशी

ताजा कलम. मी लुले. सगळं मीच लिहिलंय, आई बोलते तसं. सांगताना ती चार वेळा उठली. मला एक कळलं नाही. तू तुझ्या आईचं नाव सेव्दिया लिहिलंस. माझ्या आईचंही कागदावर सेव्दियाच आहे, हायरिये तर फक्त तूच म्हणतेस. दोन बहिणींना एकच नाव कसं? आणि आपण दोघीही मिर्वेता! इथे शाळेत, कामावर सगळे मला मिर्वेताच म्हणतात, लुले फक्त घरात. आईला विचारलं तर म्हणाली, पणजीवरून ठेवलं, तू लिही आणि गप्प बस. आपल्या लोकांत असंच असतं का? मला आपल्याकडचं फार थोडं ठाऊक आहे.

नीश
९ मे २०१४

लुले,

तुझा ताजा कलम वाचून आधी मी हसले, नेझिर काकांनाही वाचून दाखवला. मग हसू गेलं. या पाकिटात दुसरं बंद पाकीट आहे. ते फक्त तुझ्या आईसाठी. तू वाचू नकोस. तिला सांग, कामावरच्या कोणाकडून तरी वाचून घे. का, ते विचारू नकोस. मी तुझ्यावर रागावलेली नाही, एवढं लक्षात ठेव.

मिर्वेता

(आतलं पत्र)

मावशी,

जो कोणी हे वाचून दाखवत असेल त्याने ऐकलेलं विसरावं, ही विनंती.

हेर्देलेझीच्या सणाआधी रामिझा मला नोंदणी कचेरीत घेऊन गेली. कोसोवोतली जुनी पुस्तकं आता इथे ठेवलीत. खिडकीतल्या बाई चांगल्या होत्या. बराच वेळ शोधून म्हणाल्या, "अहो, नोंद आहे की! मिर्वेता आसानी, चौदा मे ब्याण्णव, आई सेव्दिया, वडील बायराम."

मी रामिझाचा हात इतका दाबला की ती ओरडली. बावीस वर्षांत पहिल्यांदा कोणी मला सांगितलं की मी आहे.

मग बाई थांबल्या. चष्मा पुसला. म्हणाल्या, "पण हिचा पासपोर्ट गेल्या वर्षी जर्मनीतल्या वकिलातीतून नवा झालाय. फोटो आहे. मग तुम्ही कोण?"

"आणि आई?" मी विचारलं.

"त्या पण तिथेच. दोघींचा पत्ता एकच."

मावशी, आईच्या कबरीवर दर वर्षी मी गवत काढते. पंधरा वर्षं. आणि कागदावर आई एसेनला राहते, कामाला जाते, डॉक्टरला गुडघा दाखवते. रामिझाने मला बाहेर आणून बाकावर बसवलं.  

वकीलबाई वकिलातीला पत्र लिहायला तयार आहेत. पत्र गेलं की चौकशी होईल. मी महिनाभर थांबायला सांगितलंय. खरं काय ते तू सांग.

मिर्वेता

एसेन
३० मे २०१४

आदरणीय मिर्वेता, मी यास्ना. लाँड्रीत तुमच्या मावशीशेजारी इस्त्री करते. मी बोस्नियाची, पण आपलीच भाषा बोलणारी, मीही युद्धातल्या तशाच एका शाळेच्या हॉलमधून आलेय. त्या सांगतात तसं लिहिते.

मिर्वेता, माझं बाळ,

त्या शाळेच्या हॉलमध्ये आपण दोनशे माणसं होतो. गाद्या नव्हत्या, नकाशे जमिनीवर अंथरून झोपायचो. सेव्दियाला ताप चढला. सहाव्या दिवशी ती गेली. जाण्याआधी तिने पिशवी माझ्या हातात दिली. म्हणाली, "मिर्वेताला घेऊन जा." हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. तुझ्या आजीलाही नाही.

माझे सगळे कागद घराबरोबर जळाले होते. सेव्दियाचा पासपोर्ट चांगला होता. आम्ही दोघी इतक्या सारख्या दिसायचो की लग्नात वरातवाल्यांनी मलाच नवरी समजून ओढलं होतं. पण आतल्या पानावर एकच मूल लिहिलेलं होतं, मिर्वेता. जर्मनीला नेणारा बसवाला म्हणाला, "एक बाई, एक मूल. दुसरं दिसलं तर सगळी बस परत." लुले माझ्या मांडीवर होती. तुझ्याजवळ आजी होती. लुलेजवळ मी सोडून कोणी नव्हतं. असं मी स्वतःला पंधरा वर्षं सांगतेय. पार्सल बांधताना सांगते, इस्त्री करताना सांगते.

तू म्हणशील ती शिक्षा मला दे. पण लुलेला यातलं काही माहीत नाही. म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करायचं शिक्षण घेतेय ती, शेवटचं वर्ष. ऑक्टोबरात इथल्या नागरिकत्वासाठी तिला बोलावलंय. आता पत्र गेलं तर सगळंच गेलं.

मी एक विचार केलाय. लुले खऱ्या नावाने कुठेच नोंदलेली नाही. ते नाव मोकळं आहे. तू कोर्टात सांग की मी हायरियेची मुलगी लुले, माझी नोंद कधी झालीच नाही. तुला कागद मिळेल, घर मिळेल. तू माझी लेक होशील. मी तुला नेलं नाही, निदान आता तरी घेते.

हायरिये

नीश
१५ जून २०१४

मावशी,

यास्नाबाई, त्रास देते आहे, पुन्हा एकदा वाचा.

तुला वाटतं मी लहान होते, मला काय आठवणार! मी सात वर्षांची होते. तू म्हणालीस, "मिर्वेता, डबा भरून आण जा, लुलेला तहान लागलीय." नळाला रांग होती. मी डबा भरून आणला आणि बस नव्हती. आजीने विचारलं, पाणी का आणलंस? 

मोजे आणि ब्लँकेटं मी पंधरा वर्षं वापरली आणि वस्तीभर सांगत फिरले की माझी मावशी जर्मनीहून पाठवते, तिचा माझ्यावर फार जीव. बायका हेवा करायच्या.

आणि आता तू म्हणतेस लुले हो. म्हणजे माझ्या आईला मूलच नव्हतं? एक मुलगी होती तीही तुझी? आईचं नाव तू घेतलंस, तिचं मरणसुद्धा घेतलंस, कारण कागदावर ती मेलेलीच नाही. एवढ्यावर पोट भरलं नाही का?

मी लुले होणार नाही. काय करणार ते माहीत नाही. वस्तीत मोजमाप सुरू झालंय. रात्रंदिवस डोक्यात हेच. काल मिरचीची रोपं लावताना आख्खा वाफा उलटा लावला, बायका हसल्या. वकीलबाईंना अजून थांबवलंय. का थांबवलंय ते मलाही कळत नाही.

मिर्वेता

एसेन
२ ऑगस्ट २०१४

मिर्वेता,

मी लुले. आई सांगत नाहीये, मीच लिहितेय. चुका होतील. आपली भाषा मला बोलता येते, लिहायला आईच्या पत्रांपुरतीच.

तुझं जूनचं पत्र गादीखाली सापडलं. मी उघडलं. चूक केली. नाही, चूक नाही केली. मग यास्नामावशीकडे गेले आणि तिला सगळं सांगायला लावलं. ती रडायला लागली, मला रडायला आलं नाही.

आईशी मी सतरा दिवस बोललेली नाही. एका टेबलावर जेवतो. ती माझ्या ताटात वाढते, मी खाते. काल तिने विचारलं, "मीठ बरोबर आहे ना?" मी उठून न्हाणीत जाऊन बसले.

मी कधी जन्मले? तू सांग. अबोला धरण्याआधी आईला एकदाच विचारलं, तर म्हणाली, "बर्फ होता." मी बावीस वर्षांची नाही म्हणजे. वाढदिवस तुझा साजरा करत होते, चौदा मे. दर वर्षी आई केक आणायची आणि मेणबत्ती लावताना बाल्कनीत निघून जायची. मला वाटायचं तिला धूर सहन होत नाही.

आणखी एक. तू लिहिलंस की तू आलीस तेव्हा बस गेली होती. तसं नव्हतं. मला एकच गोष्ट आठवते तिथली. बस हलली आहे. एक मुलगी डबा घेऊन पळतेय, पाणी सांडतंय, आणि आई माझं डोकं खाली दाबतेय. मला नेहमी वाटायचं ते स्वप्न आहे.

मी काय करीन ते ठरवलेलं नाही. पण तू लुले व्हायचं नाहीस. ते नाव माझं आहे. माझ्याकडे तेवढंच आहे.

लुले

नीश
२० ऑगस्ट २०१४

लुले,

हो. पळाले होते. फाटकापर्यंत. ते लिहायची लाज वाटली.

तू त्र्याण्णवच्या डिसेंबरातली, नव्या वर्षाच्या आदल्या आठवड्यातली. आजी सांगायची, तू झालीस तेव्हा बर्फामुळे दार उघडत नव्हतं आणि माझे वडील खिडकीतून साखर घेऊन आले. म्हणजे तू वीस वर्षांची आहेस. माझ्याहून लहान. मला ताई म्हणायला हवंस, पण असू दे.

आता मी जे तुझ्या आईला लिहिलं नाही ते तुला लिहिते. झेहरा व्हायची होती तेव्हा कळा दोन दिवस चालल्या. कार्डाशिवाय इस्पितळात कसं जायचं? माझी नणंद सानिये म्हणाली, "माझं कार्ड घे, माझं नाव सांग." मी सानिये म्हणून दाखल झाले, सानिये म्हणून बाळंत झाले. कागदावर झेहरा सानियेची मुलगी आहे. नर्स "सानिये, सानिये" अशी हाक मारायची आणि मी ओ द्यायचे. दीड वर्ष झालं. परवा आमचं नळावरून भांडण झालं, तेव्हा ती थट्टेत म्हणाली, "जास्त बोलू नकोस, कागदावर माझी आहे, घेऊन जाईन." सगळ्या हसल्या. मला रात्रभर झोप नाही. झेहराला घट्ट धरून बसले होते.

तेव्हा तुझ्या आईला मी जे लिहिलं ते कुठल्या तोंडाने लिहिलं, देव जाणे.

काल मी रामिझाला म्हटलं, माझं नाव काढ, मला नको घर, त्या पोरीचं सगळं आयुष्य तिथे उभं आहे. रामिझा म्हणाली, "यादीतून काढायला आधी यादीत असावं लागतं, बाई." मग चिडली. म्हणाली, "तू गप्प राहिलीस की उद्या झेहराही कोणाच्या तरी कार्डावर बाळंत होणार. असं किती पिढ्या चालू ठेवायचंय?" मी उठून आले. 

यादी अकरा दिवसांत बंद होईल. होऊ दे. तू ऑक्टोबरात जा, परीक्षा दे. मी वकीलबाईंना नाही म्हणून सांगितलंय. हे पत्र आईला वाचून दाखव. आणि तिच्याशी बोल गं. मीठ बरोबर आहे, एवढं तरी सांग.

मिर्वेता

एसेन
२९ सप्टेंबर २०१४

मिर्वेता,

तुझं पत्र उशिरा मिळालं. मी तोवर सांगून टाकलं होतं.

अकरा सप्टेंबरला गेले. सोबत एक वकील होती, फुकट सल्ला देणारी, जवळजवळ माझ्याच वयाची. परदेशी लोकांच्या कचेरीत समोर एक म्हातारासा अधिकारी. मी म्हटलं, "मी मिर्वेता आसानी नाही. मिर्वेता आसानी सर्बियात एका बराकीत राहते, तिला दोन मुली आहेत." तो बराच वेळ लिहीत होता. मग विचारलं, "तुम्ही इथे आलात तेव्हा वय किती होतं?"

"साडेपाच."

"मग पुढचे प्रश्न तुमच्यासाठी नाहीत," तो म्हणाला, आणि मला पाणी दिलं.

नागरिकत्वाचं रद्द झालं. आता सहा महिन्यांचा कागद, मग पुन्हा सहा महिने, असं. वकील म्हणते माझं शिक्षण, माझी वर्षं माझ्याच नावावर धरली जातील, पण वेळ लागेल, आणि खात्री ती देत नाही. मी जिथे काम शिकते त्या वृद्धनिवासातल्या मुख्य बाईंना मी घाबरत घाबरत सांगितलं. त्या म्हणाल्या, "पण उद्या सकाळची पाळी करणार ना? छातीवरच्या पट्टीवर काय लिहू?" मी म्हटलं, लुले लिहा. एक आजोबा आहेत, त्यांना काहीच लक्षात राहत नाही. ते रोज नाव वाचतात आणि रोज म्हणतात, छान नाव आहे.

आईला संध्याकाळी सांगितलं. ती किंचाळली. म्हणाली, "जिवंत पुरलंस मला! याच्यासाठी मी तिला रस्त्यात टाकलं का?" मग दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होती. मी तुझं पत्र मोठ्याने वाचलं, ती ऐकत होती की नाही कोण जाणे. सानियेच्या कार्डाचं वाचलं तेव्हा मान वळवली. म्हणाली, "परत वाच." तीनदा वाचायला लावलं.

तिसऱ्या दिवशी उठली, चांगला कोट घातला, लिपस्टिकसुद्धा लावली. "चल, वकिलातीत." तिथे खिडकीपाशी गेल्यावर मला बोलू दिलं नाही. आपल्या भाषेत, सगळ्या रांगेसमोर, मोठ्याने म्हणाली, "मी सेव्दिया नाही. सेव्दिया मेली. मी तिची बहीण हायरिये. मी तिच्या मुलीचं नाव माझ्या मुलीला दिलं." खिडकीतल्या माणसाला आपली भाषा येत नव्हती. मला सर्बियनमध्ये सांगावं लागलं. यास्नामावशीकडून उचललेली माझी सर्बियन वाईट आहे, पण तेवढं जमलं. सांगून होईपर्यंत आई माझ्या दंडाला धरून उभी होती आणि प्रत्येक शब्दाला मान हलवत होती, जसं काही तिला सगळं कळतच होतं.

तिचं काय होईल माहीत नाही. दंड होईल म्हणतात. परतही पाठवतील कदाचित. लाँड्रीतलं काम गेलं, कारण ते सेव्दियाचं होतं. दिवसभर घरात इकडून तिकडे फिरते, कपाटं पुसते, पुसलेलीच पुन्हा पुसते.

तू आता मागे फिरू नकोस. मी फिरण्याची वाट बंद केलीय. वकीलबाईंना पत्र लिहायला सांग.

लुले

नीश
१२ फेब्रुवारी २०१५

प्रिय मावशी,

लुले, आता पाकिटात पाकीट नाही. सरळ वाच.

आधी कार्ड. सोमवारी मिळालं. फोटोत माझे डोळे अर्धे मिटलेत, रामिझा म्हणते, "इतकी वर्षं नव्हतीस, आणि आलीस ती झोपेत." कार्ड आणायला जायच्या आधी आईचा मृत्यू नोंदवावा लागला. नेझिर काका साक्षीला आले, त्या हॉलमधल्या मुक्कामाचं जुनं रजिस्टरही संस्थेने शोधून काढलं. बाईंनी विचारलं, "मृत्यूची तारीख?" मी सांगितली. "नोंदवायला इतका उशीर का?" मी म्हटलं, "घरची माणसं लांब होती." बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि तेवढंच लिहून घेतलं. कचेरीतून मी पायीच कबरीवर गेले. बर्फ होता. हातांनी तो बाजूला सारला आणि परत आले.

घर मिळालं नाही. चोवीस घरं सप्टेंबरातच वाटून झाली. नोव्हेंबरात बुलडोझर आला आणि एकोणचाळीस नंबरचं दार मी माझ्या हाताने बिजागऱ्यांवरून काढून घेतलं, चांगलं दार होतं. सध्या सानियेच्या नव्या घरातल्या मागच्या खोलीत आहोत, सात माणसं. पुढची बारा घरं उन्हाळ्यात सुरू होतील म्हणतात. त्या यादीत मी चौथी आहे. रामिझा रोज पालिकेत जाऊन बसते, तिथल्या शिपायालाही ती आता जेवलास का म्हणून विचारते. घर होईल की नाही, खरंच माहीत नाही. पण चौथी आहे, हे कागदावर आहे.

बेहाराची नोंद झाली, सप्टेंबरात ती शाळेत जाईल. झेहराचं कोर्टात गेलं. न्यायाधीशांनी सानियेला विचारलं, "ही मुलगी तुम्ही जन्माला घातली का?" सानिये म्हणाली, "छे हो साहेब! माझी तीनच मला पुरे झालीत." सगळे हसले. मी नाही हसले. पुढची तारीख एप्रिलमध्ये आहे. आणि स्वयंपाकघराच्या कागदावर दहावी सही माझी आहे. गेल्या शरदात चारशे बरण्या भरल्या, हात अजून भाजलेले आहेत.

आता तुझं. लुलेच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी तू लिहायला लावतेस की मला माफ कर. मावशी, ते मला लिहिता येत नाही. कधी वाटतं केलं, आणि मग नळावर डबा भरताना पुन्हा हात थांबतो. मी खोटं लिहिणार नाही. आपल्यात खोटं लिहून झालंय पुष्कळ.

पण लुले लिहिते की मार्चमध्ये तुझा निकाल आहे, आणि परत पाठवलं तर सर्बियात कोणाकडे जाणार हे तुला सांगावं लागेल. नुसता पत्ता चालत नाही, तिथल्या माणसाने लिहून द्यावं लागतं की हिला मी ठेवून घेईन. लुले लिहिते तू त्या प्रश्नापुढे "कोणी नाही" म्हणून सांगितलंस.

मी काल कचेरीत गेले. तो फॉर्म ओळखपत्र असलेल्या माणसालाच मिळतो. बाईंनी दिला. मी तिथेच बाकावर बसून भरला. माझं नाव, बेहारा, झेहरा, मग हायरिये, आईची सख्खी बहीण. सानियेला विचारलं, ती म्हणाली, सात तिथे आठ, पण माझ्या भांड्यांना तिने हात लावायचा नाही.

एका जागी अडले. तुझी जन्मतारीख मला माहीत नाही. तुझी खरी. लुले, तिला बसव आणि विचार, आठवत नसेल तर बर्फ होता की पीक उभं होतं ते विचार, कोण कोणापेक्षा मोठी होती ते विचार. काहीही आठवलं तरी लगेच फोन कर. फॉर्म महिनाअखेरपर्यंतच घेतात.

मिर्वेता